टकल्याची फणी

मानेजवळची एक बट डाव्या हातात धरून तो उजव्या हाताच्या नखांनी लीख खाली ओढत होता, तेव्हा पोरगी अगदी सहज म्हणाली, "कुरळ्या काकांना पण झाल्यात."

त्याची नखं तिथंच थांबली. लीख म्हणजे मोठी चिवट जात. ऊ एकवेळ फणीत सापडते, पळताना तरी दिसते, पण लीख जागची हलत नाही. केसाला अशी धरून बसते की वाटावं, केसाबरोबर हीही उगवली असणार. चिमटीत धरून तिला पार केसाच्या टोकापर्यंत न्यावं लागतं, मध्येच हात सुटला की पुन्हा शोधायची पाळी. तसा तो सुटला. तो खुर्चीवर, पोरगी त्याच्या गुडघ्यांच्या मध्ये बुटक्या स्टुलावर, तिच्या खांद्यांवर पांढरा टॉवेल, आणि खिडकीतून शनिवार सकाळचं ऊन थेट तिच्या डोक्यावर. तो तिला खारू म्हणायचा, कारण बसली तरी ती बसल्यासारखी बसत नसे. आज मात्र कधी नव्हे ती शहाण्यासारखी मान खाली घालून बसली होती, आणि तसं बसूनच तिनं हे सांगितलं होतं.

"कोण ग हे कुरळे काका?" त्यानं विचारलं. आवाज साधाच ठेवला, ताकास तूर लागू द्यायची नव्हती.

"आईच्या ऑफिसातले. तू नाही बघितलंयस त्यांना."

"बरं. मग त्यांना कशा झाल्या?"

"अरे बाबा, डोक्याला डोकं लागलं की होतात. शाळेत बाईंनी सांगितलंय. उवांना उडी मारता येत नाही, पंख पण नसतात. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात फक्त."

"आणि आईला?"

"आईला माझ्या मागोमाग. मग काकांना." गुडघ्यावरची खपली खरवडत ती म्हणाली. "तुला नाही होणार. तुला टक्कल आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. लग्नाच्या फोटोत त्याच्या कपाळावर झुलपं आहेत, हे आता फोटो बघूनच खरं वाटायचं. झुलपं गेली, मग माथा उघडा पडला, आणि कानांभोवती उरलेली झालर तो स्वतःच रोज सकाळी वस्तऱ्यानं काढून टाकायचा. अर्धवट काही ठेवायचं नाही, असा एकूण स्वभावच. मागच्या खेपेला पोरीच्या डोक्यात पहिल्यांदा उवा दिसल्या तेव्हा तो कोपऱ्यावरच्या दुकानात फणी आणायला गेला होता. दुकानदारानं आधी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग हातातल्या फणीकडे, आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता विचारलं, "कुणाला भेट द्यायचीय का?" मागे उभी असलेली बाई फिसकन हसली. तोही हसला. घरी येईपर्यंत हसतच होता, आणि घरी सांगायला तर फक्त पोरगी होती, तिला सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला उचकी लागली. तो दिवस तसा चांगला गेला होता. फणी मात्र प्लास्टिकची होती, दुपारपर्यंत तिचे दात फाकले.

त्या खेपेला त्याचं चुकलं ते फणीमुळे नव्हे, हे त्याला नंतर कळलं. तो कापड तपासणारा माणूस. गोदामात काचेचं उतरतं टेबल असतं, काचेखाली दिवे, आणि वरून थान उलगडत, सरकत खाली येतं. तो समोर उभा राहून डोळ्यांत तेल घालून बघतो. कुठं गाठ आली, धागा तुटला, तेलाचा डाग पडला, की पायाखालचं बटण दाबायचं, कापड थांबतं. गाठ असेल तर चिमट्यानं काढायची, नाही तर काठाला लाल चिकटपट्टी लावून पुढं सोडायचं. एकदा सोडलेलं कापड परत येत नाही. परत बघायची वेळ आली तर ती नोकरी नव्हे, नाचक्की. इतकी वर्षं हेच केलेल्या माणसानं पोरीचं डोकंही तसंच तपासलं होतं: डाव्या कानापासून सुरुवात, बट घ्यायची, बघायची, साफ करायची, पिन लावून बाजूला टाकायची, की ती झाली. संध्याकाळी उजव्या कानाशी पोचला तेव्हा त्याला थान संपल्याचं समाधान वाटलं होतं. "काढल्या सगळ्या," असं त्यानं पोरीच्या आईला दारातच सांगितलं, जरा ऐटीतच सांगितलं. पण कापडातली गाठ चालत नाही, आणि ऊ चालते. तो डावीकडून उजवीकडे जात होता तेव्हा त्या उजवीकडून डावीकडे, झालेल्या बटांमध्ये, आरामात जाऊन बसत होत्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आणि आज सकाळी पोरीची आई उंबऱ्याबाहेर उभी राहून ते सगळं बोललीच. ती आत येत नसे. तसं काही ठरलं नव्हतं, पण काडीमोड झाल्यापासून उंबरा आपोआप उंच झाला होता. "तू काढल्या म्हणालास, मी विश्वास ठेवला," ती म्हणाली. "घरी जाऊन बघते तर तितक्याच्या तितक्या. सोमवारी शाळेत डोकी तपासणारेत, सापडल्या तर वर्गात बसू देत नाहीत. फणी तिच्या बॅगेत दिलीय, लोखंडी आहे, ती वापर." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "तुला जमत नसेल तर तसं सांग. मग काही दिवस नको पाठवायला. घरातलं सगळं स्वच्छ करायचं, आणि इथून पुन्हा घेऊन यायच्या, किती दिवस चालणार हे?" ती रागानं बोलली असती तर त्यालाही काही बोलता आलं असतं. ती थकून बोलत होती, आणि बोलता बोलता तिनं कानामागे बोट घालून खाजवलं होतं. तेव्हा ते त्याच्या डोळ्यांना नुसतं दिसलं होतं. आता, पोरीचं वाक्य ऐकल्यावर, कळलं.

"काका रोज येतात का ग?" त्यानं पुन्हा बट घेतली, सुटलेली लीख शोधायला लागला.

"रोज नाही. पण उवा झाल्यापासून रोज." ती हसली. "आमच्याकडे ना, संध्याकाळी रांग लागते. सगळ्यात पुढं मी, माझ्यामागे आई, आईच्यामागे काका. आई माझं बघते, काका आईचं बघतात. मग उठायचं आणि उलट बसायचं. मग मी काकांचं बघते. त्यांचे केस स्प्रिंगसारखे आहेत, फणी अडकते. ते मुद्दाम ओरडतात. आई म्हणते, गप्प बसा, शेजारचे पोलिसांना बोलावतील."

आमच्याकडे. हा शब्द तिनं किती सहज वापरला. इथं येताना ती 'बाबाकडे' यायची आणि परत 'आमच्याकडे' जायची, आणि यात तिची काही चूक नव्हती. लेकरू जिथं झोपतं तेच त्याचं घर. पण त्याला ती रांग स्पष्ट दिसायला लागली, दिवा कुठला लावला असेल तेसुद्धा, कारण तो दिवा त्यानंच आणला होता. बायको दुसऱ्या माणसात गुंतली आहे हे माणसाला चिठ्ठीतून कळतं, फोनवरून कळतं, कुणी हितचिंतक मुद्दाम येऊन सांगतो. त्याला उवांनी सांगितलं. आणि उवांचा पुरावा असा की त्यात शंकेला जागा नाही. हातात हात घातल्यानं त्या जात नाहीत, एका टेबलावर जेवल्यानं जात नाहीत. डोक्याला डोकं, तेही घटकाभर, स्वस्थ, घाई नसताना. त्यांच्या संसाराच्या शेवटच्या हिवाळ्यात तिनं तिची उशी पायथ्याला नेली होती. "पंख्याचा वारा डोक्याला लागतो," म्हणाली होती. हिवाळ्यात. त्यानंही "बरं" म्हटलं होतं, आणि मग कित्येक महिने दोघं एकाच पलंगावर एकमेकांच्या पायांना तोंड करून झोपत होती. त्या पलंगावर एखादी ऊ असतीच तर या उशीवरून त्या उशीपर्यंत जाता जाता म्हातारी होऊन मेली असती. आताही त्याला या विचाराचं हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला.

राग हातात उतरला. फणी त्यानं मुळापासून ओढली ती जरा जास्तच जोरात.

"आई ग," पोरगी कळवळली, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून वळली. "मुद्दाम ओढलंस?"

"नाही ग. गुंता होता." गुंता नव्हता. "चुकलं बाबाचं. बस, आता हळू करतो." ती बसली. दुखलं की माणूस 'आई ग' म्हणतो, 'बाबा ग' कुणी म्हणत नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. खरं तर समजूत घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो तिचं डोकं साफ करत होता ते कुणासाठी? सोमवारी शाळेत बसू द्यावं म्हणून, हे खरं. तिला इथं येऊ द्यावं म्हणून, हे जास्त खरं. पण उद्या संध्याकाळी ती परत गेली की त्या स्वच्छ डोक्याला दुसरी दोन डोकी खुशाल टेकणार होती, आणि त्यांची वाट झाडून द्यायचं काम हा करत होता. हे त्याला कळत होतं आणि बोटं तरीही एकेक केस वेगळा करत होती. हलक्या हातानं, काळजीनं. पोरीच्या टाळूचा वास येत होता, उन्हात तापलेला, थोडा तेलकट, थोडा दुधासारखा. जन्मली तेव्हाही हाच होता.

तो लहान असताना त्यांच्या घरीही अशी रांग असायची. दुपारी मागच्या पायरीवर आई, मावशी, मोठ्या दोघी बहिणी, एकीपुढं एक. नखावर नख टेकवून टच् असा आवाज करायच्या, आणि गावभराच्या उखाळ्यापाखाळ्या चालायच्या. ह्याचे केस दर महिन्याला न्हावी मुळापर्यंत कापायचा, त्यामुळं ह्याचं तिथं काही काम नसे. तो अंगणात एकटाच काठीनं माती उकरत बसे. एकदा मात्र त्यानं हिय्या केला. दोन दिवस सगळ्यांदेखत डोकं खाजवलं, आणि तिसऱ्या दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवलंच. तिची बोटं टाळूवरून फिरली. ती बोटं, तो लुगड्याचा वास, वरती बायकांचं बोलणं. त्याला वाटलं, असंच मरून जावं. पण आईला दोन मिनिटांत कळलं. "काही नाहीये रे. नाटक्या मेल्या, ऊठ," म्हणून तिनं डोक्यावर एक टपली मारली, बहिणी हसल्या, आणि तो उठला. एवढंच. आई वाईट नव्हती, तिला कामं होती. पण ते 'ऊठ' त्याच्या कानातून कधी गेलं नाही.

दुपारी पोरीनं अंडं-पाव खाल्ला आणि पलंगावर आडवी पडून ती चित्रांचं पुस्तक बघायला लागली. तो फणी धुवायला उठला. खुर्चीखाली पसरलेल्या पांढऱ्या कागदावर एक ऊ अजून चालत होती. बाकीच्या चिरडल्या होत्या, ही राहिली होती. चांगली मोठी, पोट भरलेली, काळपट. तो वाकून तिच्याकडे बघत राहिला. ही त्या घरातून आलेली. पोरीच्या डोक्यावर यायच्या आधी ही कुठं होती कुणाला ठाऊक, कदाचित त्या कानामागे, जिथं सकाळी बोट गेलं होतं. त्या घरातून या घरात मनमोकळेपणानं येणारं हे एकच काय ते जनावर. त्यानं कागद उचलला, न्हाणीघरात गेला, कडी लावली, आणि आरशासमोर उभं राहून ऊ बोटानं उचलून स्वतःच्या माथ्यावर ठेवली. आता हसायचं तर हसा. पन्नाशीकडं झुकलेला, नोकरीत मान असलेला माणूस, आणि हे करत होता. ती क्षणभर थांबली. त्याला वाटलं, चालेल. पाय हलत असल्याचा भास झाला, बारीक, गुदगुल्या केल्यासारखा, आणि त्याचे डोळे एकदम भरून आले. पण सकाळीच वस्तरा फिरवलेल्या त्या गुळगुळीत डोक्यावर तिला धरायला एक केस नव्हता. ती घसरली, कपाळावरून बेसिनमध्ये पडली. त्यानं नळ सोडला. पाण्याबरोबर ती गेली. टकलाला उवांनीसुद्धा वाळीत टाकलं होतं. बाहेरून पोरगी ओरडली, "बाबा, किती वेळ," तेव्हा त्यानं तोंड धुतलं आणि बाहेर आला.

रविवारी त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नव्हतंच काही, निदान दिसत तरी नव्हतं, तरी केली. "झालेलं पण परत बघायचं असतं," पोरीनंच त्याला बजावलं. "आई म्हणते, एखादी लीख राहते आणि आठवड्यानं फुटते. मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं." तो डावीकडून उजवीकडे गेला, मग उजवीकडून डावीकडे आला, मग मानेकडून वर. कानांमागे तर चारदा पाहिलं. आणि बघता बघता त्याच्या मनात आलं की आपण कुठलीच गोष्ट अशी परत बघितली नाही. लग्न लागलं, ते पास झालं, पुढं सोडलं. तिची उशी पायथ्याला गेली त्या रात्री पायाखालचं बटण दाबून सगळं थांबवता आलं असतं, पण तो 'बरं' म्हणाला. आता हे कळून उपयोग काय, वरातीमागून घोडं. मात्र या डोक्यात त्यानं काही सोडलं नाही. कागदावर शेवटी दोन कोरड्या लिखा पडल्या, आणि मग किती विंचरलं तरी काहीच पडेना.

संध्याकाळी पोरीची आई आली. नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर थांबली. पोरीला जिन्यातल्या दिव्याखाली उभं केलं, मोबाइलचा उजेड पाडला आणि केस फिसकारून बराच वेळ बघत राहिली. तो बाजूला उभा होता, गोदामातल्या साहेबानं थान उघडल्यावर राहायचा तसा. ती काय म्हणेल यावर पुढचे कितीतरी शनिवार अवलंबून होते, आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं, टॉवेल होता तेवढा. शेवटी तिनं उजेड बंद केला.

"नाहीयेत," ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता, "चांगलं केलंस."

"मग येईल ना ती? पंधरा दिवसांनी?"

"येईल की. चल ग, बूट घाल. खाली गाडी उभी आहे."

खाली गाडीत कोण बसलंय ते त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पोरीनं एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. ती त्याच्या डोक्याकडे बघत होती.

"आई, थांब. बाबाचं बघायचं राहिलं."

"त्याचं काय बघायचं? केस कुठं आहेत त्याला?"

"तरी बघावं लागतं. घरात एकाला झाल्या की सगळ्यांचं बघायचं असतं. तूच म्हणतेस." तिनं बूट खाली टाकला, स्टूल ओढत आणलं, त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला. "बस."

"अग खारू, गाडी थांबलीय," तो म्हणाला.

"बस म्हटलं ना."

तो बसला. गुडघे छातीशी आलेले, त्या एवढ्याशा स्टुलावर तो बसला. तिनं टॉवेल त्याच्या खांद्यांवर घातला, नीट, पुढून ओढून, आणि लोखंडी फणी त्याच्या माथ्यावर टेकवली. थंड दात कातडीवरून मागे गेले. एकदा, दोनदा. मग तिनं फणी ठेवली आणि बोटांनी बघायला लागली. त्यानं मान खाली घातली. त्याला वाटलं, दारातून पोरीची आई आता 'चल पुरे' म्हणेल, आता म्हणेल.

"कानामागे बघ," उंबऱ्यापलीकडून पोरीची आई म्हणाली. "तिथं असतात."

छोटी बोटं कानामागे गेली. समोरच्या कपाटाच्या आरशात त्याला पोरीचा चेहरा दिसत होता, जीभ दातांत धरलेली, डोळे बारीक केलेले, मोठं नाजूक काम चालल्यासारखा. तिनं चिमटीत काहीतरी धरून वर आणलं. दोन्ही अंगठ्यांची नखं एकमेकांवर टेकवली. नखांमध्ये काही नव्हतं. आरशात ते स्वच्छ दिसत होतं. टच् असा आवाज तिनं तोंडानं काढला.

"सापडली," ती म्हणाली.

"सापडली?" त्यानं आरशातूनच विचारलं.

"हो. मोठी होती. अंडी पण घातली असतील तिनं." ती आईकडे वळली. "आठवड्यानं परत बघावं लागेल ग. पंधरा दिवस नाही चालणार. फुटतात ती."

पोरीच्या आईनं पोरीकडं पाहिलं, मग आरशात त्याच्याकडे. खालून गाडीचा हॉर्न वाजला. तिनं जिन्याकडे मान वळवली, पुन्हा आत पाहिलं, आणि कानामागचे केस सारखे केले.

"मग फणी राहू दे इथंच," ती म्हणाली.

पोरीनं फणी त्याच्या मांडीवर ठेवली, दुसरा बूट घातला, आणि दोघी जिना उतरून गेल्या. दार उघडंच होतं. खांद्यांवर टॉवेल घेऊन, मान खाली घालून, तो स्टुलावर बसून राहिला. ऊठ, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.